मागच्या रांगेला काय दिसलं

पेंटरमामांच्या अंगात कायम पांढरा शर्ट असायचा आणि तो कधीच पांढरा नसायचा. छातीवर, बाह्यांवर, पोटाजवळ पिवळट-गुलाबी डाग. धुतलेले, वाळवलेले, इस्त्री केलेले डाग. पहिल्यांदा ते माझ्या गाडीत बसायला आले तेव्हा मी सीटवर आधी गोणपाट टाकलं. मामा बसले, गोणपाटाकडे पाहिलं.

"शर्ट पाहून टाकलं का हे?"

मी आरसा नीट करायला लागलो.

"चांगलं झालं," ते म्हणाले. "म्हंजे शर्ट काम करून राह्यला."

या वाक्याचा अर्थ कळायला मला कापसाचा अख्खा हंगाम लागला.

तेलंगणात, उटनूरला तेव्हा एका संस्थेचं लहानसं ऑफिस होतं. फवारणी करताना माणसाच्या अंगाला विष लागू नये, हे गावोगाव जाऊन शेतकऱ्यांना दाखवायचं काम. दाखवायचं काम मामांचं, तिथपर्यंत न्यायचं माझं. माझी सात सीटची भाड्याची गाडी होती. हंगामात तिच्यातून कापसाचे बोरे, म्हणजे पोती, बाजार समितीच्या यार्डात न्यायचो, एरवी माणसं. मी तेव्हा सव्वीस-सत्तावीसचा. शाळा आठवीत सुटलेली. नार्नूरकडच्या आमच्या गावात सातवीपर्यंत मराठी होतं, पुढं फळा तेलुगूत गेला. फळा दिसायचा चांगला, पण माझं-त्याचं बोलणंच बंद झालं. तेव्हापासून कोणी चार माणसांसमोर उभं केलं की माझ्या तळहातांना घाम सुटतो. आजही सुटतो.

मामांनी त्याआधी तीस वर्षं पाट्या रंगवल्या. मराठी, तेलुगू, उर्दू, तिन्ही अक्षरं हातात बसलेली. किराणा, सायकल दुकान, शिवणकाम, 'येथे थुंकू नये'. मग फ्लेक्स आला आणि ब्रश डब्यात वाळले. त्यांचं खरं नाव कुणाला माहीत नव्हतं. ऑफिसच्या हजेरीच्या वहीतसुद्धा 'पेंटर' एवढंच लिहिलेलं.

मला नवल एका गोष्टीचं वाटायचं. जन्मभर चित्रं काढलेला हा माणूस चित्रांवर काडीचा भरवसा ठेवत नव्हता.

"चित्र लय बदमाश असते, बाबू," ते म्हणायचे. "आपन पाठ फिरवली का ते वेगळंच काई सांगाले लागते."

त्यांची स्वतःची चित्रं जुन्या फ्लेक्सच्या मागच्या बाजूला काढलेली. निवडणूक संपली की ते गावातून फ्लेक्स गोळा करत, उलटे करत आणि पाठीवर रंगवत. दोन बांबूंना बांधलेलं ते चित्र मी धरून उभा राहायचो. जोराचा वारा आला की फवारणीच्या जागी एकदम हात जोडलेला उमेदवार उलटा लटकायचा. लोक हसायचे. मामा म्हणायचे, "हसून घ्या. हे बी पाच वर्सातून एकदाच दिसते."

सभेच्या आधी त्यांचा एक विधी असे. मला चित्र धरून उभं करायचे आणि स्वतः तीस पावलं मागं चालत जायचे. मोजून तीस. मग उजवा डोळा हाताने झाकून डाव्याने बघायचे. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. त्यातून त्यांना जेमतेम दिसायचं.

"चांगला डोळा काऊन झाकता, मामा?"

"तो माह्या कामाचा. हा म्हातारीचा."

प्रत्येक सभेत मागं एक म्हातारी असतेच, तिला ऐकू कमी येतं, दिसतं त्याहून कमी, आणि घरात तिचंच ऐकतात, असा त्यांचा हिशेब. डाव्या डोळ्याला जे दिसणार नाही ते चित्रातून खोडून टाकायचं. एकदा त्यांनी दोन दिवस खपून काढलेलं झाड असं खोडलं. सुंदर पळस होता. मला वाईट वाटलं.

"झाड नाई दिसलं का?"

"दिसलं नं. झाडच दिसलं. मानूस नाई दिसला."

चित्र नेहमी झाकलेलं असे, जुन्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्यानं. आधी बोलणं, मग लुगडं बाजूला. आणि लुगडं बाजूला झालं की मामांचं बोलणं बंद. खिशातून सुपारी काढायचे, अडकित्त्यानं कातरायचे, खांड तोंडात टाकायचे आणि दुसरीकडेच बघत चघळत राहायचे. लोक चित्राकडे बघायचे. सुपारी अर्धी होईपर्यंत एक शब्द नाही. सुरुवातीला मला त्या शांततेत कसंतरी व्हायचं. वाटायचं, विसरले की काय. एकदा मीच मधे बोललो, "हा मानूस पाहा, यानं तोंडाले बांधलं नाई..." मामांनी अडकित्ता बंद केला. परतीच्या वाटेवर म्हणाले, "मानूस जेवत असला का त्याच्या तोंडात हात घालतेस का तू? ते पाहून राह्यले होते नं? पाहू दे नं मंग."

पाहून झालं की लुगडं परत चित्रावर. आणि मग एकच प्रश्न, तोही मागच्या रांगेला: "काय दिसलं, माय?"

"समजलं का?" हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नाही. दुसऱ्या कोणी विचारला तर त्यांच्या कपाळावर आठी यायची. "समजलं का म्हनलं का हो म्हनतेत. पाहुन्याले भाजी कशी झाली म्हनून विचारल्यावानी हाय ते. पाहुना काय म्हनन?"

बाजारात त्यांच्याबरोबर चालणं म्हणजे वेळेची नासाडी. दुकानांचे फ्लेक्स बघत उभे राहायचे. एकदा एका नव्या फ्लेक्ससमोर थांबले. त्यावर दहा-बारा फोटो, फुलांचे हार, वर लुकलुकणारे दिवे. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायला लागले, "भाऊ, इथं काय भेटते?" पहिला म्हणाला, लग्नाचा हॉल हाय. दुसरा म्हणाला, कोनाचा तरी वाढदिवस हाय जी. तिसरी एक बाई होती, ती म्हणाली, "पाहून तर राह्यले तुमीच, मले काय विचारता?" दुकान पाण्याच्या मोटारींचं होतं. मोटार एका कोपऱ्यात होती, अंगठ्याएवढी. मामा एवढे खूश झाले की मला चहा पाजला.

एकदा जिल्ह्याच्या ठिकाणी मोठी बैठक होती. प्रत्येकानं पडद्यावर स्लाइड दाखवून आपलं काम सांगायचं. मामांच्या आधी जे बोलले त्यांनी पडद्याकडे तोंड केलं आणि त्यावर लिहिलेलं सगळं वाचून काढलं. आम्हाला वीस मिनिटं त्यांचं टक्कल दिसत होतं. मग मामांना विचारलं, तुमच्या स्लाइड किती?

"एक."

"वेळ वीस मिनिटं आहे, पेंटर."

"मंग एक जास्तच झाली."

त्यांची ती एक स्लाइड म्हणजे कोरा पांढरा उजेड होता. त्या उजेडात त्यांनी शेतातून आणलेलं कापसाचं झाड धरलं. पडद्यावर झाडाची सावली पडली, छताएवढी. बोंड, पान, फांदी. मग हाताच्या सावलीनं फवारणारा माणूस केला आणि औषध कुठून कुठं उडतं ते बोटांनी दाखवलं. हॉलमध्ये कोणी मोबाइलकडे बघत नव्हतं. मी दाराशी उभा होतो आणि मला वाटलं, माझी शाळा अशी असती तर.

त्यांच्या खोलीवर मी दोनदा गेलो. भिंती कोऱ्या. कॅलेंडर नाही, देवाची तसबीर नाही, एक खिळा फक्त, त्यावर शर्ट. चित्रकाराच्या घरात एकही चित्र नाही, हे मी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "हलवाई मिठाई खाते का?" तेवढंच कारण असेल असं वाटेना.

आणि एक कोडं होतं. उटनूरहून इंद्रवेल्लीकडे जायचं झालं की सरळ डांबरी रस्ता सोडून मामा मला एका ठिकाणी आत वळायला लावायचे. कच्चा रस्ता, दगड, नाला; चार किलोमीटर फेरा मारून पुन्हा डांबरीवर. डिझेल माझं जळायचं. विचारलं तर म्हणायचे, "तिकडची हवा चांगली हाय." हवा तीच होती. डांबरीवर त्या टप्प्यात होतं काय, तर एक लहान वस्ती, एक हातपंप आणि रस्त्याकडेच्या घराची एक भिंत. ती भिंत मला लहानपणापासून माहीत होती. आदिलाबादला आजोळी जाताना मी बसच्या खिडकीत तिची वाट बघायचो. तिच्यावर औषधाची जाहिरात होती: उघड्या अंगाचा शेतकरी, पाठीवर लाल पंप, आणि असा हसणारा की बघणाऱ्याला हसू यावं. मी त्याला हात करायचो.

आता त्या दिवसाचं सांगतो.

हैदराबादहून संस्थेचं नवं पोस्टर आलं होतं. चकचकीत, जाड कागद. सहा चौकोन, सहा चित्रं. वरच्या तीन चौकोनांत चुकीची कामं: उघड्या हातानं औषध ढवळणं, तोंडाला न बांधता फवारणं, वाऱ्यासमोर उभं राहणं. त्यांच्यावर मोठ्या लाल फुल्या. खालच्या तीन चौकोनांत बरोबर कामं, त्यांच्यावर हिरवी बरोबरची खूण. खाली तेलुगूत मजकूर. मामांनी ते म्हातारीच्या डोळ्यानं पाहिलं आणि गुंडाळी करून कोपऱ्यात उभं केलं. "सहा चित्रं एका कागदावर. हे चित्र नाई, बाजार हाय."

त्या दिवशी मामा डोळे तपासायच्या शिबिरात गेले होते आणि इंद्रवेल्लीच्या पलीकडच्या एका गावात सभा ठरलेली होती. ऑफिसातले सर मला म्हणाले, "गाडी तर जाणारच आहे. पोस्टर घेऊन जा, दाखव, ये. सभा चुकवायची नाही."

मला नाही म्हणता आलं नाही. खरं सांगायचं तर मला ते पोस्टर आवडलं होतं. त्यावर सगळं छापलेलं. मला बोलावं लागणार नव्हतं.

गेलो. सकाळी अकराला मारुतीच्या देवळासमोर पंचवीस-तीस माणसं जमली. पोस्टर छातीसमोर धरलं. कागद थरथरत होता, म्हणून देवळाच्या खांबाला टेकवला आणि स्वतः त्याच्या पुढ्यात उभा राहिलो. एक-दोन-तीन करत सहाही चित्रांवर बोट ठेवलं. "हे असं नाई करायचं" असं म्हणालो की नाही, ते मला आजही आठवत नाही. शेवटी विचारलं, "समजलं का?"

"हो," सगळे म्हणाले.

पाऊण तासाचं काम वीस मिनिटांत झालं. फोटो काढला. परतताना वाटेत निवांत जेवलो, गाडीत गाणं म्हणत होतो.

दोनच्या सुमाराला उटनूरला पोचलो तर मामा ऑफिसच्या पायरीवर बसलेले. डोळ्यात थेंब घातल्यामुळे बाहुल्या मोठ्या झालेल्या, वर काळा चष्मा, शिबिरात फुकट मिळालेला.

"मले आज काईच दिसत नाई," ते म्हणाले. "सगळं दुधात बुडाल्यावानी. सभा झाली?"

"झाली. लय मस्त झाली."

"मांगच्या रांगेले काय दिसलं?"

"समजलं म्हनले सगळे."

मामांनी मला हाताला धरून पायरीवर शेजारी बसवलं. मग म्हणाले, "पयल्या चित्रात काय हाय, मले सांग बरं. मले दिसत नाई म्हनून विचारतो."

"हातानं ढवळनारा मानूस. त्याच्यावर लाल फुली."

"फुली काऊन?"

"म्हंजे चूक."

"हे तुले कोनी सांगितलं?"

"शाळेत. गुरुजी वहीवर मारत नोते का..."

"थे शाळेत गेल्ते का?"

मी सकाळच्या रांगांतले चेहरे आठवायला लागलो.

"मंग त्यायनं लाल फुली कुठी पाह्यली असन? याद कर. तुह्याच गाडीत पाह्यली असन."

आणि मला दिसलं. हंगामातले बोरे. यार्डाच्या फाटकात तपासणारा माणूस बोऱ्यात कोपरापर्यंत हात घालतो, मूठभर कापूस काढतो, बघतो, आणि माल चांगला असला की डब्यातला लाल गेरू घेऊन बोऱ्यावर फुली मारतो. मंजूर. फुली पडली की शेतकऱ्याचा जीव भांड्यात पडतो. फुली नाही पडली तर बोरा परत. असे शेकडो बोरे मी वाहिले होते. ज्या गावात सकाळी उभा होतो, त्या गावाचेसुद्धा.

उघड्या हातानं ढवळणं: मंजूर.

"चार वाजता वारं पडते," मामा उठत म्हणाले. "वारं पडलं का फवारनी सुरू. गाडी काढ."

त्यांना हात धरून गाडीत बसवलं. मागं त्यांच्या सामानातला फवारणीचा पंप होता, ज्यात हळदीच्या पाण्याशिवाय कधी काही गेलं नव्हतं. मी अशी गाडी आयुष्यात चालवलेली नाही. कच्च्या रस्त्याचं वळण आलं तशी माझी सवय मला आत न्यायला लागली, पण वेळ नव्हता.

"मामा, सरळ जाऊ का?"

"सरळच जा."

वस्ती आली, हातपंप आला. मामांनी काळ्या चष्म्याआड डोळे मिटले असावेत, कारण मान खाली गेली.

"भिंत गेली का?"

"कोनती भिंत?"

"हसते तो."

"आत्ता जाऊन राह्यली." मग मला एकदम प्रश्न पडला. "तुमाले कसं माहीत मामा, तो हसते म्हनून? आपन तर या रस्त्यानं कधी..."

"मीच काढला त्याले," मामा म्हणाले. "कंपनीवाल्यानं शर्ट घातलेला मानूस सांगितला होता. म्या उघडा काढला. उघड्या अंगावर उजेड चांगला दिसते. तोंडाले बांधलं असतं तर हसनं कुठी दिसलं असतं?" थोड्या वेळानं ते पुन्हा बोलले. "तीस गावात काढला मी तो. पोट्टे त्याले हात करत. मले वाटे, काय चित्र काढलं. मंग एका सालात एका गावात तीन मानसं दवाखान्यात नेली, उघड्या अंगानं फवारून. त्यायच्या घरासमोर माही भिंत होती."

हात करणाऱ्या पोरांत मीही होतो, हे सांगायचं धाडस झालं नाही.

साडेतीनच्या पुढं पोचलो. गावाच्या अलीकडेच पहिलं शेत मारोतीभाऊचं. सकाळी तो पुढच्या रांगेत बसला होता. आता बांधावर ड्रमजवळ उकिडवा बसलेला, बाह्या खांद्यापर्यंत वर, गमछा कमरेला गुंडाळलेला, हातात औषधाची बाटली, झाकण उघडलेलं. समोर पाण्याची बादली.

मी हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. मारोतीभाऊनं मान वर केली. बाटली हातातच राहिली.

"काय झालं बाप्पा? कोनाचं काई झालं का?"

मी गाडीतून उतरून धावलो, बाटली घेतली, झाकण लावलं.

"भाऊ, कालपर्यंत कशानं ढवळत होता?"

"काडीनं. घरची लय कटकट करे, काडीनंच ढवळा, तोंडाले बांधा." तो हसला. "आज तिले सांगितलं, पाह्य, फोटोवाले मंजूर करून गेले. हातानं बी चालते, बांधाचं बी काम नाई."

तो आधी बरोबरच करत होता. मी येऊन बिघडवलं होतं.

मामा बांध चाचपडत आले. कुणीतरी त्यांना हात दिला. हॉर्न ऐकून आजूबाजूच्या शेतांतली माणसं जमायला लागली, मारोतीभाऊची बायको शेवंता घागर घेऊन आली, सकाळी मागच्या रांगेत बसलेली त्याची आई काठी टेकत मागून आली. मला वाटलं, आता मामा सांगतील की हा पोरगा चुकला, सकाळचं सगळं उलटं समजा. ते तसं काही बोलले नाहीत. त्यांनी म्हातारी कुठं आहे ते विचारलं आणि तिच्याकडे तोंड केलं.

"माय, सकाळी काय दिसलं तुले?"

"मले? लाल-लाल दिसलं. तीन ठिकानी."

"अन् हिरवं?"

"हिरवं काई नोतं. पराटीच होती सगळी."

खालच्या चित्रांतली हिरवी खूण हिरव्या कापसावर छापलेली होती. मागच्या रांगेला ती दिसलीच नव्हती. आणि जे दिसलं असतं, त्याच्या निम्म्या भागासमोर मी उभा होतो.

मामांनी शर्ट काढला. त्यांच्या उघड्या अंगावर काळा चष्मा भारी विचित्र दिसत होता, दोघंतिघं हसले. "मारोतीभाऊ, हा घाला." पंपात पाणी भरलं, शेवंताकडून हळद मागवली, चांगली दोन मुठी. "आता एक तास मारा. रोज मारता तसंच. मी आंधळा हाय आज, मले काई दिसत नाई. तुमीच पाहा अन् मले सांगा."

तास म्हणजे कापसाची एक ओळ. मारोतीभाऊ गेला आणि आला. मामा सुपारी कातरत दुसरीकडे तोंड करून बसले.

"काय दिसलं?"

"छातीवर पिवळं," एक जण म्हणाला.

"मांड्यावर बी."

"याच्या ओठावर हाय जी. मिशी पिवळी झाली याची."

"पाठीवर काऊन आलं बाप्पा? पंप गळते का?"

मारोतीभाऊनं ओठावरून जीभ फिरवली आणि एकदम थांबला. चव हळदीची होती. त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की आजवर जिभेला काय काय लागलं असेल, ते तो मोजतोय.

मग मामांनी शर्ट काढून घेतला आणि शेवंताच्या हातात दिला. "बाई, फवारनीचे कपडे कोन धुते?"

"मीच धुतो नं."

"मंग धुवा."

तिनं घागरीतलं पाणी घेतलं, साबण लावला, घासलं. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे प्रत्येक बाईला माहीत असतं. पण त्या दिवशी ते सगळ्यांनी पहिल्यांदा बघितल्यासारखं बघितलं. शर्टावर लाल, फेसात लाल, आणि शेवंताच्या दोन्ही तळहातांवर, नखांत, मनगटापर्यंत लाल. तिनं हात वर धरले. तिनं शेताच्या आत पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं.

म्हातारीनं ते हात डोळ्यांजवळ ओढून पाहिले. म्हणाली, "म्हंजे फवारते थो, अन् लागते इले."

मामांनी मान हलवली, चित्रावर लुगडं टाकल्यासारखी. सभा संपली. मारोतीभाऊनं कमरेचा गमछा सोडला, तोंडाला बांधला, बायकोनं घरून आणून दिलेला लांब बाह्यांचा सदरा घातला, आणि काडी शोधायला लागला. त्याची कालची काडी बांधावरच पडलेली होती. त्यानं ती उचलली.

परतताना मामा मला एक शब्द रागाचा बोलले नाहीत. मी वाट बघत होतो. वस्तीजवळ आलो तसे म्हणाले, "भिंतीपाशी थांब."

गाडी थांबवली.

"आज मले दिसत नाई. तू सांग. काय दिसते?"

मी खाली उतरलो. तीस पावलं मोजली. एक डोळा झाकला. "अंग धुऊन गेलं पावसानं," मी म्हणालो. "पंप लाल हाय अजून. दात हायेत."

"हसते?"

"हसते."

"मंग परवा ये. मले दिसाले लागलं का चुना आनू."

तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो. मला वाटलं होतं, भिंत पुसतील. मामांनी पुसली नाही. चुन्यात डिंक घोटून त्या माणसाला त्यांनी शर्ट घातला, मनगटापर्यंत बाह्यांचा, गुंड्यांसकट. घरची मालकीण दारात उभी राहून म्हणाली, "काऊन जी, इतक्या वर्साचा उघडा होता, आज लाज आली का त्याले?" मामा म्हणाले, "त्याले नाई, मले." मग हसण्यावर गमछा आला. दात झाकायला दोन हात द्यावे लागले. पहिल्या हातातून ते दिसत राहिले.

त्यानंतर आम्ही डांबरीनंच जायला लागलो. डिझेल वाचलं.

आता मी पुण्याजवळच्या एका मोठ्या गोदामात आहे. तिथं नव्या पोरांना दर सोमवारी मशीनजवळ कसं उभं राहायचं, हात कुठं घालायचा नाही, हे दाखवणं माझं काम. आठवी सोडलेल्याला हे काम कसं मिळालं, ते मला आणि मामांना ठाऊक आहे. पहिल्या सोमवारी चित्रावर कापड टाकलं, कापड काढलं, आणि सुपारी खात नाही म्हणून मनात पन्नास अंक मोजले. मग मागं जाऊन बिहारहून आलेल्या एका पोराशेजारी बसलो आणि विचारलं, काय दिसलं. समजलं का, असं विचारायची मला अजून भीती वाटते.

गेल्या दिवाळीला गावी जाताना आदिलाबादहून बस पकडली. भिंत आली. चुना टिकला होता. शेजारी एक बाई बसली होती, मांडीवर पिशवी, ओळख ना पाळख. माझ्या तोंडून आपोआप गेलं, "मावशी, त्या भिंतीवर काय दिसते?"

तिनं वाकून पाहिलं. "कोनी डॉक्टर हाय वाटते," ती म्हणाली. "पांढरा कोट, तोंडाले बांधलेलं. दवाखाना असन मांगं."

उटनूरला उतरल्यावर आधी फोन लावला. मामांचं डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, आवाज खणखणीत. बाई काय म्हणाली ते सांगायला मला भीती वाटत होती, तरी सांगितलं. पलीकडे अडकित्त्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मी मधे बोललो नाही.

"ती कोनत्या शिटावर बसली होती?"

"मांगच्या. शेवटून दुसऱ्या."

"विचारलंस हे बरं केलं," मामा म्हणाले. "पंप मोठा काढावा लागन."